श्रीमती खोडून श्री

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात द्यायची निधनवार्ता मीच लिहिली. 'आरोग्य खात्यातील निवृत्त कर्मचारी' अशी सुरुवात केली. पुढे 'वृद्धापकाळाने' लिहून खोडलं, कारण 67 हा काही वृद्धापकाळ नव्हे. 'अल्पशा आजाराने' केलं. मग ठरलेलं: मनमिळाऊ व कनवाळू स्वभावाचे म्हणून परिचित होते, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार. काकांनी वाचून मान डोलावली आणि मजकूर व्हॉट्सॲपवरून गेला. तेराव्यानंतर कात्रण वहीत चिकटवताना लक्षात आलं, की माणसाने 35 वर्षं जे काम केलं त्याचं नावच त्यात नाही.

माझे बाबा नर्स होते. मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात 1980 साली लागले आणि 2015 मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

हा शब्द मी पहिल्यांदाच गाळला असंही नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' लिहायचे. पाचवीत एका मुलाने 'तुझे पप्पा सिस्टर आहेत' म्हणून वर्ग हसवला होता, तेव्हापासून. लग्नाच्या बायोडेटावर 'वडील: शासकीय सेवेत' होतं, ते तर मावशीने सुचवलं आणि मी हूं की चूं केलं नाही. आळीत त्यांना 'कंपाउंडर साहेब' म्हणत. बाबा कोणालाच दुरुस्त करत नसत. त्यांना वाईट वाटत नसावं असं मी सोयीने धरून चालले.

तेराव्याला आलेली माणसं मात्र एकच बोलत होती. देवमाणूस. हाताला गुण होता. फार माया. हे ऐकून डोळे भरून आले हे खरं. पण मी हिशेबाचं काम करते, कुठल्या नोंदीखाली काय टाकलंय याकडे लक्ष जातंच. सगळं 'स्वभाव' या खात्यात जमा होत होतं. तीन वर्षांचं प्रशिक्षण, हजारो रात्रपाळ्या, नजरेने ताप ओळखण्यापर्यंत आलेली तयारी, यातलं काहीही 'काम' या खात्यात येत नव्हतं. माझं भांडण आहे ते याच नोंदीशी. कनवाळूपणा हा स्वभाव समजला की तो बाईचा स्वभाव ठरतो, मग तो फुकट ठरतो आणि मग तो करणारा पुरुष विचित्र ठरतो. ही एकाच माळेतली तीन गाठींची गोष्ट आहे, आणि आपण ती दवाखान्यांच्या भरतीपासून निधनवार्तेपर्यंत ओढत आणली आहे.

बाबांच्या हजेरीपटावर छापील 'श्रीमती' असे. दर महिन्याला कारकून ते खोडून वर हाताने 'श्री' लिही. सेवापुस्तकात काही पानांवर ते 'अधिपरिचारक' आहेत आणि काही पानांवर 'अधिपरिचारिका'. बहुधा त्या त्या कारकुनाच्या मर्जीनुसार. भरतीच्या जाहिराती काढून बघा, पदाचं नाव बहुतेकदा 'अधिपरिचारिका' असंच भेटेल. वरची पदंही परिसेविका, अधिसेविका. मराठीत 'परिचारक' हा शब्द आहे, पण तो कोणाच्या तोंडी नाही. आणि जिल्हा परिषदेत 'परिचर' म्हणजे शिपाई, त्यामुळे आणखीच गोंधळ. ज्या भाषेने विठोबाला आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हटलं, तिला वॉर्डात उभ्या असलेल्या पगारी पुरुषासाठी शब्द काढता आला नाही. (माउली म्हणणं सोपं आहे. माउलीला नाईट ड्युटी नसते.)

पगारी, हे महत्त्वाचं. पुरुषाने जखमा धुवाव्यात याला आपला विरोध कधीच नव्हता. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारलं, आणि महारोग्यांच्या व्रणांना हात लावणाऱ्या या माणसांपुढे महाराष्ट्र वाकला, योग्यच वाकला. पण तेच काम पहिल्या तारखेला सही करून पगार घेणाऱ्या माणसाने केलं की तो कंपाउंडर होतो आणि त्याची मुलगी बायोडेटात 'शासकीय सेवेत' लिहिते. पुरुषाची सेवा आपल्याला त्याग म्हणून चालते, धंदा म्हणून चालत नाही. बाईच्या बाबतीत नेमकं दुसरं टोक: तिच्याकडून ती निसर्गनियम म्हणून अपेक्षित असते, त्यामुळे तिचा त्यागसुद्धा मोजत नाहीत.

दवाखान्यातली नाती कधी ऐकलीत का? झाडलोट करणाऱ्या त्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे ते मामा, नर्स ती सिस्टर, पुरुष असला तर ब्रदर. नात्यातून सुटतात ते फक्त डॉक्टर; ते सर किंवा मॅडम. मला हे लहानपणी फार गोड वाटे. आता वाटतं, ज्यांना नात्यात घेतलं त्यांच्याशी पगाराचं बोलणं अवघड होऊन बसतं. मावशीला कोणी ओव्हरटाइम देतं का? 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर नर्सला सरकारी नर्सएवढा पगार, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना किमान 20,000 रुपये. माझ्या नात्यातली एक मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन गेल्या वर्षी 30 खाटांच्या एका दवाखान्यात लागली. पगार 11,000, आणि मुलाखतीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे.'

आता कामाबद्दल. कारण 'हाताला गुण' म्हणजे नेमकं काय हे मी जवळून पाहिलं आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा बाबा रात्रपाळीला होते. विसर्जन आटोपून गावंच्या गावं झोपलेली, जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. ते तसंच्या तसं अंगावर आलं. उजाडल्यापासून ट्रक, ट्रॅक्टर, जीप, मिळेल त्यातून माणसं येऊ लागली. बाबा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. मी 11 वर्षांची होते. त्यांनी रडण्याओरडण्याचं काही सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं ते असं: आधी प्रत्येकाच्या नाकातोंडातली माती काढायची, सलाईन नंतर. माळवदाची माती बारीक असते, घशात चिखल होतो. आणि ज्याचा पाय तासन् तास ढिगाऱ्याखाली चेंबला होता, तो बाहेरून धडधाकट दिसला, बोलत असला, तरी त्याच्या लघवीवर नजर ठेवायची. चहासारखी काळपट आली की धावत जाऊन डॉक्टरांना उठवायचं, कारण चेंबलेल्या स्नायूंचं विष मूत्रपिंडात उतरायला लागलेलं असतं. 'रडणाऱ्याला सगळेच बघतात,' ते म्हणाले, 'गप्प पडलेल्याची बाटली बघायला माणूस लागतो.'

याला माया म्हणायचं तर म्हणा. मी याला निरीक्षण म्हणते. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे पुन्हा चार गुण, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिला उपचारांचं ज्ञान, दुसरा दक्षता, तिसरा अनुराग, चौथा शुचिता. म्हणजे माया तिसऱ्या नंबरवर. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं छापाच्या बोलण्याची मला ॲलर्जी आहे, पण इथे त्या माणसाने वॉर्ड पाहिला होता एवढं नक्की. आपण मात्र पहिले दोन गुण पुसून तिसऱ्याची आरती करत बसलो.

त्या भूकंपातलीच आणखी एक बाई बाबांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येई. कमरेचं हाड मोडलेलं, लघवी अडलेली, पोट तट्ट फुगलेलं. नळी घालणं भाग होतं. ती म्हणाली, मेले तरी चालेल, बाप्याचा हात नको. बाबा पडद्याच्या बाहेर गेले. शिकाऊ नर्स मुलगी आत होती, घाबरलेली, पहिल्या वर्षाची. बाबा पडद्याआडून एकेक पायरी सांगत राहिले आणि तिने नळी घातली. पिशवीत धार पडल्याचा आवाज आल्यावर ते पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना त्या बाईचा राग आला नव्हता. 'तिचा हक्क आहे तो,' एवढंच.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण सांगत नाही. पुरुषांच्या वॉर्डात साठीचा शेतकरी, प्रोस्टेटने लघवी बंद, आणि समोर नळी घेऊन आलेली 22 वर्षांची मुलगी. तो लाजेने भिंतीकडे तोंड करतो. पुष्कळ ठिकाणी मग ते काम इंटर्न नाहीतर थेट वॉर्डबॉय मामांवर ढकललं जातं, म्हणजे ज्याने ते शिकलेलं नाही त्याच्यावर. 'ब्रदर आहेत का हो?' असं दबक्या आवाजात विचारणारे म्हातारे मी स्वतः ऐकलेत, बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा. पुरुष रुग्णाच्या लाजेचा हिशेब कुठल्याच भरतीत धरलेला नसतो. पुरुष रुग्णाला लाज नसते असं जणू गृहीत आहे.

भरतीकडे येतेच. 2019 मध्ये एम्सच्या केंद्रीय संस्था मंडळाने नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा स्त्रियांसाठी ठरवल्या. एएनएमचा, म्हणजे गावोगावच्या सहायक नर्सचा, अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस 1943 च्या ज्या अध्यादेशावर उभी आहे त्यात अधिकारी ही 'स्त्री' असावी असंच लिहिलेलं. जानेवारी 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवलं. हे एकट्या भारतातलं नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने 1960 पर्यंत पुरुषांना सभासद केलं नव्हतं, अमेरिकी लष्कराच्या नर्स कोअरमध्ये पुरुषाला अधिकारपद मिळायला 1955 उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या नर्सेसपैकी 85 टक्के स्त्रिया आहेत.

एम्सची जाहिरात बाबांनी पेपरात वाचली तेव्हा मी तावातावाने बोलायला लागले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, बरोबर आहे की 80-20. मला धक्का बसला. त्यांचं म्हणणं असं: आमच्या बॅचला खेड्यातल्या ज्या मुली होत्या, त्यांना दुसरी कुठली नोकरी करू दिली असती? मास्तरीण नाहीतर नर्स. विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. वसतिगृह मिळायचं, विद्यावेतन मिळायचं, त्यावर पोरी उभ्या राहिल्या. 'आपण बाप्ये घुसलो की आधी खुर्ची धरतो,' असंही म्हणाले. हे खोटं नाही. स्त्रियांच्या म्हणवल्या जाणाऱ्या पेशांत शिरलेले पुरुष भराभर वरच्या पदांवर जातात, हे परदेशातल्या समाजशास्त्रज्ञांनी केव्हाच नोंदवून ठेवलंय, आणि आपल्याकडे ते वेगळं होईल असं मानायला कारण नाही.

तरीही मला बाबांचं पटलं नाही आणि आजही पटत नाही. का, ते अमेरिकेतल्या एका खटल्यातून मला नीट सापडलं. मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावात जो होगन नावाचा माणूस रुग्णालयात नर्स म्हणून काम करत होता. पदवी घ्यायची म्हणून त्याने गावातल्या सरकारी महिला विद्यापीठाच्या नर्सिंग शाखेत अर्ज केला. पुरुष म्हणून नाकारला. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिलं त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी. पुरुषांना बाहेर ठेवल्याने नर्सिंग हे बायकांचंच काम ही समजूत पक्की होते, हे त्यांनी म्हटलंच. पण त्याच निकालाच्या एका तळटीपेत पगाराचा मुद्दा आहे. पुरुषांना वगळल्यामुळे नर्सेसचे पगार दबले असल्याचं तिथल्या नर्स संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि तसं असेल तर ज्यांच्या भल्यासाठी हा नियम त्यांनाच त्याचा दंड बसतो, असं न्यायमूर्तींनी नोंदवलं. तळटीप वाचायची सवय हिशेबनिसाला असते. मला तिथे ती 11,000 वाली मुलगी दिसली. 80 टक्के राखीव जागांनी तिला नोकरीचं दार दाखवलं, आणि त्याच पाटीने हे काम बाईच्या हातचं, म्हणून स्वस्तातलं, हेही सांगून टाकलं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं: बायकांच्या वॉर्डात पुरुष? अरुणा शानबागचं नाव न घेता हा मुद्दा टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात या नर्सवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर 41 वर्षांहून जास्त काळ ती तिथल्या खाटेवर होती, 18 मे 2015 ला गेली. रुग्णालयातल्या बाईला भीती कोणाची, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको. पण ती भीती दूर करायचे उपाय म्हणजे उजेड असलेले जिने, कपडे बदलायला नीट खोली, रात्री एकटीची ड्युटी न लावणं, तक्रार ऐकणारं माणूस. प्रशिक्षित पुरुष नर्स घेतला नाही म्हणून वॉर्डातले पुरुष संपत नाहीत. मामा असतात, इंटर्न असतात, नातेवाईक असतात, मोठे डॉक्टर तर असतातच. अंगाला हात लावण्याआधी परवानगी कशी घ्यायची याचं शिक्षण यातल्या कोणाला सर्वांत जास्त मिळालेलं असतं?

अरुणाबद्दलच्या बातम्या 2011 मध्ये, दयामरणाचा निकाल आला तेव्हा, रोज पेपरात येत. सगळा महाराष्ट्र कायद्यावर बोलत होता. बाबा एका ओळीवर अडकले होते: इतकी वर्षं खाटेवर, आणि अंगावर बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) नाही. ते वाक्य त्यांनी आईला दोनदा वाचून दाखवलं. एखाद्या गवयाने दुसऱ्याची तान ऐकून मान हलवावी तशी त्यांची मान हलली. मग समजावून सांगायला लागले: दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ, खुबे, टाचा बघायच्या, त्या काळच्या रीतीप्रमाणे स्पिरिट लावून चोळायचं, पावडर, चादरीला एक सुरकुती राहता कामा नये. एकदा लाल झालेलं दिसलं नाही की चार दिवसांत हाडापर्यंत जातं. हे केईएमच्या नर्सेसनी पिढी दर पिढी केलं. पेपरांनी त्याला 'निःस्वार्थ माया' म्हटलं होतं. बाबा म्हणाले, 'रोस्टर कोणी लावलं असेल गं?'

त्या प्रश्नाचं महत्त्व मला नंतर कळलं, कागदावर मांडल्यावर. बाबांच्या पुरुष वॉर्डात रात्री 60 रुग्ण आणि नर्स एक, अशा रात्री त्यांनी भरपूर काढल्या. पाळी 8 ते 8, बारा तास. समजा 8 जण अंथरुणाला खिळलेले. एकाला वळवून पाठ बघायला, मामाची मदत धरून, 5 मिनिटं. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीत 6 वेळा. 8 गुणिले 6 गुणिले 5: 240 मिनिटं, चार तास. राहिले आठ तास आणि 52 माणसं. माणशी रात्रभरात 9 मिनिटं, आणि त्यातच इंजेक्शनं, सलाईन, ताप, बेडपॅन, मध्येच येणारा अपघात, रिपोर्ट बुक, आणि कोणी गेलं तर त्याला नीट बांधून देणं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं मापटं साध्या रुग्णालयाला पाच खाटांमागे एक नर्स असं आहे. ते दर पाळीला मोजायचं की एकूण, यावर वाद घाला. कसंही मोजलं तरी 60 ला एक बसत नाही. बाबा कनवाळू होते ते या 9 मिनिटांत. समोरच्या नर्सला 30 मिनिटं दिली असती तर कदाचित तीही कनवाळू ठरली असती, जिच्यावर आपण 'सिस्टर फार खेकसतात' असा शेरा मारून घरी येतो.

2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'सेवाभाव राहिला नाही.' बाबांनी एरवी त्या ग्रुपवर कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं: 'सेवाभाव आहे. माणसं नाहीत.' खाली कोणीतरी हात जोडलेले टाकले आणि पुढे वाढदिवस सुरू झाले.

घरातलं थोडं सांगते, कारण तेही याच प्रश्नाच्या पोटातलं आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, साडेसहाच्या एसटीने जाणारी. बाबा रात्रपाळी करून साडेआठला येत, अंघोळ करत आणि माझी वेणी घालत. रोलर बँडेज बांधतात तशी: ताण सारखा, पेड एकावर एक निम्मा, शेवटी गाठ आत. संध्याकाळपर्यंत एक केस सुटत नसे. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणत, 'काय वेळ आली बाई बाप्यावर.' बाबांना बिचारा ठरवून त्या जात, आणि मला आईचा राग येई. आईचा! आज लाज वाटते.

मला पाळी आली तेव्हा आई प्रशिक्षणाला परगावी होती. बाबा औषधाच्या दुकानातून पॅडचं पाकीट घेऊन आले. दुकानदाराने ते नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. बाबांनी पेपर काढून घडी करून रद्दीत ठेवला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि ड्युटी बदलताना हँडओव्हर देतात तशा आवाजात सांगितलं: कसं लावायचं, किती तासांनी बदलायचं, किती दिवस, पोटात दुखलं तर काय, आणि कशासाठी त्यांना सांगितलंच पाहिजे. मग विचारलं, काही शंका? मी नाही म्हटलं. ते झोपायला गेले, रात्रपाळी होती. त्या दिवशी मला ओशाळं वाटलं नाही याचं कारण त्यांचं प्रेम होतं असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. प्रेम तर होतंच. पण ओशाळं न वाटू देण्याची ती रीत ते 15 वर्षं वॉर्डात रोज वापरत होते, अनोळखी माणसांवर. ती रीत शिकता येते. माझ्या मुलाला मी शिकवते आहे आणि त्याला बऱ्यापैकी जमतं.

म्हणून माझं मागणं काही फार मोठं नाही. पुरुष की बाई हे रुग्णाला निवडू द्या, पडद्याआडून सांगणाऱ्याला पडद्याआड राहू द्या. ती निवड वॉर्डातल्या ड्युटीपत्रकात बसवता येते, पदाच्या जाहिरातीत कोंबायची गरज नाही. एएनएम मुलांना खुलं करा, गावातल्या म्हाताऱ्यांची संख्या बघता तिथे हात लागणारच आहेत. पदाचं नाव असं ठेवा की खोडावं लागणार नाही. केंद्राने 2016 मध्ये 'स्टाफ नर्स'चं 'नर्सिंग ऑफिसर' केलंच की. आणि राखीव जागांनी मुलींचं जे भलं व्हायचं ते वसतिगृह, विद्यावेतन आणि धड पगार यांनी जास्त होईल, असं माझं मत आहे. बाबांचं नव्हतं, हे वर सांगितलंच आहे.

गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. 'प्रथम पुण्यस्मरण'ची चौकट द्यायला मी त्याच पेपरच्या कार्यालयात गेले. टायपिंग करणारा मुलगा पंचविशीचा. मी सांगितलं, नावाखाली 'निवृत्त परिचारक' टाका. त्याने विचारलं, 'परिचर म्हणजे झेडपीत होते का?' मी म्हटलं, नाही, दवाखान्यात. 'मग आरोग्यसेवक करू? तसा शब्द असतोय.' तोही वेगळा. तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला.

'नर्स लिहा,' मी म्हटलं.

'फोटो बाबांचाच आहे ना?'

'बाबांचाच.'

त्याने मागचा शब्द खोडला आणि टाइप केलं. 'निवृत्त नर्स'. अक्षरं कमी झाल्यामुळे ओळ छोटी दिसत होती, म्हणून त्याने टाइप एक पॉइंट मोठा केला. चौकटीचे पैसे तेवढेच पडले.